शेवटचं स्टेशन एंकहाउझन

परदेशात राहणाऱ्या मराठी माणसाला तो देश दाखवतात त्याच्याकडे येणारे पाहुणे. आम्स्टेलफेनला बिऱ्हाड केल्यापासून क्युकेनहोफचे ट्युलिप, झान्से स्खान्सच्या पवनचक्क्या, मदुरोडामचं चिमुकलं हॉलंड आणि ॲमस्टरडॅमच्या कालव्यांतली बोट हे सगळं मी इतक्यांदा केलंय, की तिकीट खिडकीवाल्यांनी मला कमिशन द्यायला हरकत नाही. आई-बाबा, सासू-सासरे, मावशी, नवऱ्याचा मामेभाऊ, सगळ्यांच्या याद्या तंतोतंत त्याच. पाहुणे नसतात तेव्हा शनिवार-रविवार वाणसामान, धुणं आणि कुणाच्या तरी मुलाचा वाढदिवस यांत जातात. आणि चुकून सहल ठरलीच, तर ती आठ कुटुंबांची ठरते. कोणाची गाडी, कोणाची खुर्ची-बूस्टर, ठेपले कोण आणणार यावर ग्रुपवर पंधरा दिवस चर्चा होते. एकटीने उठून कुठे जाणं आपल्याकडे बसतच नाही. कुणी गेलंच तर पहिला प्रश्न येतो, ‘का गं, भांडण झालं का?’

भांडण काही झालं नव्हतं. नवरा ऑफिसच्या कामाने बाहेरगावी होता, मे महिन्यातला शनिवार होता आणि सकाळी आठलाच लख्ख ऊन पडलं होतं. या देशात अशा दिवशी घरात बसणं हा जवळपास सामाजिक गुन्हा आहे. शेजारचे आजोबा फुटपाथवर खुर्ची टाकून डोळे मिटून बसले होते. मी पाण्याची बाटली, छत्री (ऊन असलं तरी छत्री) आणि म्युझियमकार्ड पिशवीत टाकलं आणि निघाले. कुठे, ते ठरलं नव्हतं.

असं न ठरवता निघता येतं याचं बरंचसं श्रेय इथल्या वाहतुकीला आहे. ट्राम, मेट्रो, आगगाडी, सगळीकडे चढताना बँकेचं कार्ड यंत्राला लावायचं आणि उतरल्यावर पुन्हा लावायचं. तिकीट काढावं लागत नाही, त्यामुळे कुठे जायचंय हे कुणाला आधी सांगावंही लागत नाही. मधल्या स्टेशनवर मन बदललं तर खुशाल उतरा, हिशेब तेवढाच होतो. पूर्ण भाड्याने प्रवास महाग पडतो हे खरं, पण इथे राहणाऱ्या अनेकांकडे कुठलं ना कुठलं सवलतीचं कार्ड असतं आणि सवलत शनिवार-रविवारी चालते. ट्रामने झाउद, तिथून मेट्रोने स्लोटरडाइक. फलाटावरच्या फलकावर पहिली गाडी होती एंकहाउझनची. नकाशात बघितलं, तर रूळ तिथे संपत होते आणि पुढे सगळं निळं होतं. म्हटलं, चला.

अंतर तासाभराचं. झानडाम, पुर्मेरेंड मागे पडल्यावर डाव्या हाताला कुठेतरी बेमस्टर असतं. १६१२ साली पवनचक्क्यांनी उपसून कोरडं केलेलं तळं. आज तिथे शेती आहे, गावं आहेत आणि सगळं समुद्रपातळीच्या सुमारे साडेतीन मीटर खाली आहे. युनेस्कोच्या यादीत त्याचं नाव आहे, पण गाडीतून दिसतात त्या फक्त सरळसोट चाऱ्या आणि गायी. मग येतं होर्न. दक्षिण अमेरिकेच्या टोकाला केप हॉर्न म्हणतात ते या गावावरून. इथल्या खलाशांनी १६१६ साली त्या भूशिराला वळसा घातला आणि आपल्या गावाचं नाव तिथे ठेवून दिलं. होर्नच्या चौकात यान पीटरझोन कूनचा पुतळा आहे. डच ईस्ट इंडिया कंपनीचा हा गव्हर्नर जनरल. १६२१ मध्ये जायफळाच्या मक्तेदारीसाठी याने इंडोनेशियातल्या बांदा बेटांवर कत्तल केली. पुतळा राहावा की जावा यावर गावात अधूनमधून वाद होतो. मी उतरले नाही.

होर्ननंतर गाडी गावगाडी होते. छोटी स्टेशनं, त्यांच्यामध्ये कोबी-फ्लॉवरचे पट्टे आणि ट्युलिपची शेतं. पण फुलं नव्हती. मेच्या सुरुवातीला शेतकरी ट्युलिपची डोकी यंत्राने छाटतात, म्हणजे झाडाची ताकद फुलात न जाता खाली कंदात उतरते. धंदा कंदाचा आहे, फुलाचा नाही. सऱ्यांमध्ये लाल-पिवळ्या पाकळ्यांचा खच पडला होता. क्युकेनहोफला हे दृश्य कुणी दाखवत नाही.

हाच पट्टा बियाण्यांचाही. भाज्यांची बियाणी तयार करणाऱ्या मोठ्या कंपन्या एंकहाउझन आणि आसपासच्या गावांत आहेत. त्यामुळे या भागाला ‘सीड व्हॅली’ म्हणायची पद्धत पडली आहे. मराठी माणसाला इथे जालना आठवावं. आपल्याकडची बियाण्यांची राजधानी तीच आणि तिथल्या बेजो शीतल या कंपनीचा डच भागीदार याच प्रांतातल्या वार्मेनहाउझन गावचा. जालन्याच्या बाजारातून घेतलेल्या कोबीच्या पाकिटाची एक मुळी इथे रुजलेली असू शकते.

एंकहाउझनला गाडी थांबते ती खरोखर थांबण्यासाठीच. रुळांच्या टोकाला अडसर आणि त्यापलीकडे बंदर. रेल्वे इथे १८८५ साली आली आणि स्टेशन मुद्दाम पाण्याला चिकटून बांधलं, कारण पलीकडच्या फ्रिसलंड प्रांतात जाणाऱ्या उतारूंनी गाडीतून उतरून थेट आगबोटीत बसायचं होतं. उन्हाळ्यात स्टाफोरनची बोट अजून सुटते, पण आता तिच्यात सायकली घेतलेले हौशी लोकच जास्त. मी ज्या निळ्यापाशी आले होते त्याला १९३२ पर्यंत झाउडरझे म्हणायचे, म्हणजे समुद्र. आता ते आयसलमेर आहे, म्हणजे तळं. पाणी तेच, क्षितिजही तेच, पण आता ते गोड आहे आणि शेजारच्या आंदाइक गावाजवळ ते उपसून, शुद्ध करून लोकांना प्यायला देतात.

समुद्राचं तळं कसं झालं, ही या गावाची खरी गोष्ट. झाउडरझे हा उत्तर समुद्राचा देशाच्या पोटात शिरलेला उथळ फाटा. त्याच्या काठी मासेमारीची गावं होती. त्याला बांध घालून बंद करायची योजना कोर्नेलिस लेली नावाच्या इंजिनियरने १८९१ मध्येच मांडली होती. पण एवढा खर्च कोण करणार, म्हणून ती कपाटात पडून होती. १९१६ च्या जानेवारीत वादळाने बंधारे फोडले आणि काठची गावं पाण्याखाली गेली. त्यातच पहिल्या महायुद्धाने धान्याची टंचाई दाखवून दिली होती. लेली तेव्हा मंत्री होता. १९१८ मध्ये कायदा झाला आणि २८ मे १९३२ च्या दुपारी एक वाजून दोन मिनिटांनी शेवटचं खिंडार बुजवलं. बत्तीस किलोमीटरचा हा बांध म्हणजे आफ्स्लाउटडाइक. लेली ते बघायला नव्हता, तो १९२९ मध्ये वारला. पुढे आत एकामागून एक पोल्डर (बांध घालून पाणी उपसलेली जमीन) तयार झाले आणि १९८६ मध्ये त्यातून फ्लेव्होलँड नावाचा अख्खा प्रांत उभा राहिला. त्याच्या राजधानीला लेलीचं नाव आहे.

आपल्याकडे परतलेले लोक ही गोष्ट ‘डच लोकांनी समुद्र हटवला’ अशी टाळ्या घेत सांगतात. मीही पाहुण्यांना तशीच सांगायचे. एंकहाउझनला तीच गोष्ट दुसऱ्या बाजूने ऐकायला मिळते, ज्यांचा समुद्र गेला त्यांच्या बाजूने. हेरिंग आणि अँचोव्हीला खारं पाणी लागतं. बांध बुजला आणि काही वर्षांत ती मासळी संपली. उरली ती प्रामुख्याने ईल, म्हणजे वाम. सरकारने १९२५ मध्येच कोळ्यांना मदत देण्यासाठी वेगळा कायदा केला होता. कुणी उत्तर समुद्रात गेले, कुणी ज्या बांधाने धंदा बुडवला त्याच बांधाच्या कामावर मजूर म्हणून लागले. या माणसांसाठी मराठीत एक तयार शब्द आहे, प्रकल्पग्रस्त. आणि झाउडरझे म्युझियम हे माझ्या मते प्रकल्पग्रस्तांचं संग्रहालय आहे.

त्याचे दोन भाग. एक घरातला, वर्षभर उघडा. दुसरा उघड्यावरचा, १९८३ मध्ये राणी बेआट्रिक्सच्या हस्ते सुरू झालेला. तिथे झाउडरझेच्या काठच्या गावांतली शंभराहून अधिक जुनी घरं, दुकानं, धंद्याच्या जागा आणून मांडल्या आहेत. काही विटा-विटांनी उतरवून पुन्हा रचलेली, काही अख्खी तराफ्यावर लादून पाण्यातून ओढत आणलेली. उघड्या भागाकडे जाण्यासाठी स्टेशनजवळून छोटी बोट सुटते आणि तिच्या वरच्या डेकवर बसावं, वारा कितीही असो. गाव सगळ्यात देखणं पाण्यावरूनच दिसतं. समोर ड्रॉमेडारिस, १५४० साली बंदराच्या तोंडाशी बांधलेला गोल बुरूज. त्यातल्या घंटांचा ताफा ठरावीक वेळी सूर धरतो. मागे झाउडरकेर्कचा मनोरा, शिडांच्या काठ्यांचं रान.

आत शिरल्यावर पहिलं लक्षात आलं ते घरांचं माप. उर्कच्या कोळ्याच्या घरात एक खोली. भिंतीत कपाट, कपाटात बिछाना. नवरा-बायको त्या कपाटात पाठीला उशा लावून निम्मे बसून झोपायचे, असं सांगतात. पायाशी एक फळी होती, तान्ह्या बाळासाठी. मी फळीची लांबी हाताने मोजून बघितली. कोपरापासून बोटांपर्यंतचे दोन हात भरले नाहीत. शेगडीवर किटली, खिडकीत पांढरेशुभ्र पडदे, भिंतीवर निळ्या टाइल्स. जागा नाही, पण टापटिपीत कुठे उणं नाही. उर्क हे तेव्हा बेट होतं. १९३९ मध्ये बांध त्याच्यापर्यंत पोचला आणि पुढे भोवतालचा समुद्र उपसून शेतं झाली, त्यामुळे आता उर्कला गाडीने जाता येतं. उर्ककर मात्र कोळीच राहिले, फक्त होड्या घेऊन उत्तर समुद्रात गेले. शेजारचं स्खोकलँड बेट त्याच्याही आधी, १८५९ मध्ये सरकारने रिकामं करून घेतलं होतं. ते आज शेतांच्या मधोमध उंचवटा म्हणून उभं आहे.

चुन्याच्या भट्ट्यांपाशी मी बराच वेळ रेंगाळले. विटांच्या बाटलीच्या आकाराच्या उंच भट्ट्या, त्यांत समुद्रातले शिंपले भाजून चुना करायचे. कोकणातही शिंपल्यांचा चुना करत, तेव्हा प्रकार नवा नव्हता, पण भट्टीची उंची बघून घाबरायला झालं. औषधाच्या दुकानात एक गंमत आहे. इथल्या औषधविक्रेत्यांची जुनी पाटी म्हणजे ‘आ’ वासलेलं लाकडी डोकं, जिभेवर गोळी. दुकानभर अशी डोकी टांगलेली. काहींना मुंडासं बांधलेलं, काहींचा रंग मुद्दाम सावळा. औषधं पूर्वेकडून यायची आणि पूर्वेचा माणूस कसा दिसतो याची त्यांची कल्पना ही अशी होती.

मग धुरीघर. दारापासूनच डोळ्यांत पाणी. काळ्याकुट्ट भिंती, वर लोखंडी सळयांत गालफडांतून ओवलेल्या हेरिंगच्या रांगा, खाली लाकडाचा धूर. कामावरच्या बाईंनी एक काढून कागदावर ठेवली, काटा-चमचा न देता. कातडी सोन्याच्या रंगाची आणि कागदापेक्षा पातळ. ती नखाने सोलायची, मधला काटा शेपटीकडून धरून अख्खा ओढून काढायचा आणि उरलेलं हाताने खायचं. चुलीत भाजलेला बांगडा ज्याने खाल्लाय त्याला हे शिकवावं लागत नाही. बाईंनी बघितलं आणि डचमध्ये म्हणाल्या, ‘तुम्हाला जमतं की!’ मी म्हटलं, माझं आजोळ समुद्रकाठचं आहे. पुढची पाच मिनिटं आम्ही माशाच्या काट्यांविषयी बोललो. माझ्या मोडक्यातोडक्या डचला तेवढं पुरलं. आठ कुटुंबांच्या सहलीत हे घडलं नसतं. आम्ही तिथे मराठीत ‘कसला वास येतोय’ म्हणून पुढे गेलो असतो.

तेवढ्यात आईचा व्हिडिओ कॉल. ‘कुठे आहेस? एकटीच? आणि जेवलीस का?’ हेरिंगचा कागद कॅमेऱ्यासमोर धरला. आईचं माहेर वेंगुर्ला. तिने मासा नीट निरखला, ‘तेल बरंय त्याला’ असा निकाल दिला आणि परत कधी निघणार ते विचारलं.

वेंगुर्ल्याचा विषय निघाला ते बरं झालं, कारण दुपारी मी गेले ते पेपरहाउसमध्ये. म्युझियमचा घरातला भाग या इमारतीत आहे. १६२५ सालची ही वास्तू डच ईस्ट इंडिया कंपनीचं मिऱ्यांचं कोठार होती. १६०२ मध्ये स्थापन झालेल्या त्या कंपनीच्या सहा शाखा होत्या, त्यांपैकी एक एंकहाउझनची. दर्शनी भिंतीवर जुन्या डचमध्ये एक म्हण कोरली आहे. अर्थ असा, की आधी खर्च करावा लागतो, लाभ मागून येतो. लक्ष्मी रोडवरच्या कुठल्याही दुकानदाराला ती गल्ल्यावर लावायला आवडेल. आतल्या मोठ्या दालनात झाउडरझेच्या लाकडी होड्या ठेवल्या आहेत. रुंद पोटाच्या, सपाट बुडाच्या, कारण समुद्र उथळ. या होड्या बघण्यासाठी तरी आत जावंच.

माझ्या डोक्यात मात्र वखार होती. वेंगुर्ल्यात डच वखारीचे अवशेष आहेत. सतराव्या शतकातली, जांभ्या दगडाची, आता पडझड झालेली आणि भिंतींत झाडं उगवलेली. लहानपणी आजोळी गेलं की आम्हाला तिथे जायची मनाई असे, सापांच्या भीतीने. वेंगुर्ला तेव्हा आदिलशाहीत होतं आणि डचांना ते हवं होतं ते गोव्याच्या पोर्तुगीजांवर डोळा ठेवायला. गोव्याची नाकेबंदी करणाऱ्या जहाजांना पाणी, धान्य, बातम्या तिथून मिळत. वखारीचं एक टोक वेंगुर्ल्यात, तर दुसरं अशा गावांत होतं. इथलं कोठार झाडूनपुसून, दिवे लावून ठेवलंय. आपली वखार संरक्षित स्मारक असूनही ढासळते आहे. याचा राग नेमका कुणावर काढावा ते कळेना, म्हणून कॉफी घेतली.

आणि या सगळ्याच्या मुळाशी असलेला माणूस याच गावचा. यान ह्यूगेन व्हान लिन्शोटन. जन्म हार्लेमचा, वाढला एंकहाउझनमध्ये. विशी गाठता गाठता तो गोव्याच्या आर्चबिशपचा कारकून म्हणून पोर्तुगीज जहाजात चढला आणि १५८३ च्या सप्टेंबरात गोव्यात उतरला. पाचेक वर्षं राहिला. हा माणूस लढवय्या नव्हता, व्यापारी म्हणूनही मोठा नव्हता. तो बघायचा आणि लिहून ठेवायचा. गोव्याचा बाजार, लिलाव, गुलाम, छत्रीखाली मिरवणारे पोर्तुगीज, बाळाघाटावरचे दख्खनी लोक, गुजराती वाणी, आंबा, फणस, नारळ, विड्याची पानं. आणि त्याबरोबर पोर्तुगीजांनी जिवापाड जपलेले जहाजांचे मार्ग. परतीच्या प्रवासात तो असोर बेटांवर दोन वर्षं अडकला. १५९२ मध्ये एंकहाउझनला पोचला आणि गावातला वैद्य पालुदानुस याच्या मदतीने लिहायला बसला. पालुदानुसचा चित्रविचित्र वस्तूंचा संग्रह तेव्हा युरोपभर गाजलेला होता. सागरी मार्गांचा भाग १५९५ मध्ये आला आणि त्याच वर्षी निघालेल्या पहिल्या डच ताफ्याच्या हाती पडला. पूर्ण ‘इटिनेरारिओ’ १५९६ मध्ये. दोन वर्षांत त्याचं इंग्रजी भाषांतरही झालं. सुंदा सामुद्रधुनीकडून जावं हा त्याचा सल्ला डचांनी मानला. मिऱ्यांची कोठारं, वेंगुर्ल्याची वखार, बांदाची कत्तल हे सगळं पुढे आलं. लिन्शोटन १६११ मध्ये याच गावात वारला.

परदेशात नोकरीसाठी राहिलेला, घरापासून दूर, दुसऱ्यांच्या भाषेत दिवस काढणारा हा तरुण मला परका वाटेना. फरक एवढाच, की तो गोव्यात राहून बाजार, झाडं, पेठा, माणसं बघत फिरला आणि आम्ही आम्स्टेलफेनमध्ये राहून भारतीय दुकानात कढीपत्ता आलाय का ते बघतो. त्याच्या टिपणांमधून किती रक्त सांडलं ते बाजूला ठेवता येत नाही, पण बघण्याची त्याची चिकाटी मान्य करावी लागते.

गावातून पायी फिरताना आणखी एक गोष्ट दिसली. तटाच्या आत, रस्त्यापासून चार पावलांवर, शेतकऱ्यांची मोठी घरं आणि कुरणं आहेत. चारशे वर्षांपूर्वी एंकहाउझनची वस्ती जवळपास आजच्याइतकी होती. मग व्यापार ॲमस्टरडॅमने ओढून घेतला, गाव ओसरलं, रिकामी घरं पाडली आणि मोकळ्या जागेत शेती आली. म्हणून आज शहरात शेत आहे. गावाच्या चिन्हात मुकुट घातलेल्या तीन हेरिंग आहेत. समुद्र नाही, हेरिंग नाही, चिन्ह आहे.

चार वाजायला आले होते. हाताशी वेळ होता आणि कुणाला बाथरूम शोधून द्यायचं नव्हतं, म्हणून हाउट्रिबडाइकपर्यंत चालत गेले. एंकहाउझनपासून लेलीस्टाडपर्यंत जाणारा हा दुसरा बांध. १९७० च्या दशकात तो पूर्ण झाला, तेव्हा त्याच्या दक्षिणेचं पाणी उपसून मार्करवार्ड नावाचा आणखी एक पोल्डर करायचं ठरलं होतं. विरोध वाढत गेला, काळ बदलला आणि २००३ मध्ये सरकारने तो बेत कायमचा सोडला. लेलीच्या योजनेतला हा एकच मोठा तुकडा पाण्याखाली राहिला. त्याच वर्षी बांधाच्या सुरुवातीला एक वेगळंच काम पूर्ण झालं. पूर्वी बोटी जाताना रस्ता उचलायचा आणि गाड्यांच्या रांगा लागायच्या. आता जलद्वारच वर आहे आणि रस्ता त्याच्या पोटाखालून जातो. मी कठड्याला टेकून उभी होते तेव्हा पायाखालून ट्रक जात होते आणि डोळ्यांसमोर, त्यांच्या वरून, एक म्हातारं जोडपं शिडाची बोट घेऊन शांतपणे आत शिरत होतं. बाई दोर धरून उभ्या, आजोबा सुकाणूवर, टेबलावर चीज आणि ब्रेडचे तुकडे. दारं मिटली, पातळी बरोबर झाली, दारं उघडली, बोट पलीकडे. तास-दीड तास मी तेच बघितलं. पाहुण्यांना घेऊन आले असते तर दहाव्या मिनिटाला ‘आता पुढे काय?’ झालं असतं. पाहुण्याला तिकिटाचे पैसे वसूल करायचे असतात आणि ते बरोबरच आहे, तो जवळपास सात हजार किलोमीटरवरून येतो. इथे राहणाऱ्याला ती घाई नाही आणि ही चैन आपण वापरत नाही.

ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी थोडं कामाचं. उघड्यावरचा भाग साधारण एप्रिल ते ऑक्टोबर चालू असतो, हिवाळ्यात बंद. आतला भाग बारा महिने. म्युझियमकार्ड दोन्हीकडे चालतं. देशभरात चारशेहून अधिक संग्रहालयांत ते चालत असल्यामुळे इथे राहणाऱ्याने ते घ्यावंच. पावसाचा भरवसा नसेल तर आधी उघड्याकडे जा, मग पेपरहाउसमध्ये. लहान मुलं असतील तर होर्नहून मेडेम्ब्लिकपर्यंत वाफेच्या इंजिनाची गाडी, तिथून बोटीने एंकहाउझन आणि परत आगगाडीने होर्न असा एक त्रिकोण आहे. मुलं खूश होतात, मात्र मोसमात आधी आरक्षण करा आणि त्या दिवशी संग्रहालयाला वेळ उरणार नाही हे धरून चाला. मासे खाणाऱ्यांनी धुरीघर चुकवू नये. शाकाहारींनी डबा न्यावा, नाहीतर चीज-ब्रेडवर भागवावं लागेल. परतीची गाडी साधारण दर अर्ध्या तासाला असते आणि एंकहाउझन हेच तिचं पहिलं स्टेशन असल्यामुळे खिडकी हमखास मिळते.